फौजेतला अधिकारी ५४ व्या वर्षी निवृत्त का होतो, आणि त्यातल्या काहींना थांबवून का घ्यायला हवं

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने संरक्षण दल प्रमुख, म्हणजे सीडीएस, जनरल अनिल चौहान यांचा कार्यकाळ ३० मे २०२६ पर्यंत किंवा पुढचा आदेश निघेपर्यंत वाढवला. त्याआधी मे २०२४ मध्ये लष्करप्रमुख जनरल मनोज पांडे यांना, आपल्या नागपूरच्या सुपुत्राला, निवृत्तीला जेमतेम पाच दिवस उरले असताना एक महिन्याची मुदतवाढ मिळाली होती. अशी बातमी आली की ज्यांच्या घरात किंवा शेजारी कोणी फौजी आहे ते हमखास विचारतात: हे साहेब साठी ओलांडून गणवेशात राहू शकतात, मग आमचा धडधाकट, अनुभवी कर्नल ५४ व्या वर्षी घरी का बसतो? आणि फौजेला डॉक्टर कमी पडतात, वैमानिक कमी पडतात असं आपण ऐकतो, तर तयार माणसं हातची का सोडायची?

प्रश्न रास्त आहे. पण त्याचं सरळ दिसणारं उत्तर, 'सगळ्यांचं वय वाढवून टाका', हे चुकीचं आहे असं मला वाटतं. का, ते कळायला आधी फौजेची नोकरी कशी रचलेली आहे ते पाहू. जवानांच्या नोकरीचे नियम बरेच वेगळे आहेत, म्हणून इथे फक्त अधिकाऱ्यांविषयी बोलतो.

## वय हुद्द्याला बांधलेलं आहे

केंद्र सरकारचा साधा कर्मचारी ६० व्या वर्षी निवृत्त होतो, राज्य सरकारचे बहुतेक कर्मचारी ५८ व्या वर्षी. कारकून असो की वरचा अधिकारी, वय साधारण एकच. लष्करात तसं नाही. तिथे निवृत्तीचं वय हुद्द्यावर ठरतं. लढाऊ शाखांत कर्नलपर्यंतचा अधिकारी ५४ व्या वर्षी निवृत्त होतो, ब्रिगेडियर ५६, मेजर जनरल ५८ आणि लेफ्टनंट जनरल ६०. लष्करप्रमुखाला वयाची ६२ वर्षं किंवा पदावरची तीन वर्षं, यातलं जे आधी पुरं होईल ते. सीडीएसला ६५ पर्यंत राहता येतं. नौदल आणि हवाई दलाचं गणितही याच धर्तीवर चालतं, फक्त शाखेनुसार आकडे थोडे मागेपुढे होतात. लष्करी डॉक्टरांना लढाऊ अधिकाऱ्यांपेक्षा काही वर्षं जास्त मिळतात.

म्हणजे कर्नलच्या वर बढती मिळाली की बढतीबरोबर दोन वर्षंही मिळतात. बढती अडली की निवृत्तीची तारीखही तिथेच अडते.

आता बढती कशी मिळते ते पाहा. लेफ्टनंट कर्नलपर्यंत अधिकारी वेळेनुसार चढतो. १३ वर्षं नोकरी झाली आणि नोंदी चांगल्या असल्या की हा हुद्दा मिळतो. त्याच्या पुढे मात्र निवड मंडळ बसतं, ज्याला सगळे नुसतं 'बोर्ड' म्हणतात. कर्नलसाठी तीन नंबरचं बोर्ड, ब्रिगेडियरसाठी दोन नंबरचं, मेजर जनरलसाठी एक नंबरचं. प्रत्येकाला साधारण तीन संधी: पहिल्यांदा 'फ्रेश', मग दोन 'रिव्ह्यू'. तिन्हीत नाव आलं नाही की अधिकारी 'सुपरसीड' झाला. त्याला कोणी लगेच काढत नाही. तो लेफ्टनंट कर्नल म्हणून काम करत राहतो, २६ वर्षं पूर्ण झाली की वेळेनुसार मिळणारं कर्नलपदही त्याला मिळतं. पण पलटणीची कमान त्याच्या हाती येत नाही, आणि ५४ ला त्याची नोकरी संपते.

सुपरसीड होणं म्हणजे नालायक ठरणं नव्हे, हे इथेच स्पष्ट करायला हवं. वर खुर्च्याच कमी असतात. एका डिव्हिजनला एकच मेजर जनरल लागतो आणि त्याच्या खाली शेकडो अधिकारी असतात. उत्तम नोंदी असलेला माणूसही केवळ जागा नाही म्हणून मागे राहतो.

## एवढी घाई कशासाठी? कारगिलने दिलेलं उत्तर

कमी वयाचा आग्रह सैन्याने उगाच धरलेला नाही. १९९९ मध्ये कारगिलला जी शिखरं परत घ्यायची होती, त्यातलं टायगर हिल ५,००० मीटरहून उंच आहे. हवेत प्राणवायू कमी, रात्रीची चढाई, पाठीवर दारूगोळा, वरून गोळीबार. बटालियनचा, म्हणजे पलटणीचा, कमांडिंग ऑफिसर (सीओ) तंबूत बसून नकाशा बघत नाही. त्याला जवानांबरोबर चढावं लागतं.

युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालच्या कारगिल पुनरावलोकन समितीने सैन्य कायम तरुण ठेवायला हवं असं सांगितलं. पुढे अजय विक्रम सिंह समितीने सीओंचं वय खाली आणण्याचा विचार केला. त्या वेळी बटालियनची कमान हाती येईपर्यंत अधिकारी चाळिशी ओलांडत होता. तो छत्तीस-सदतिसाव्या वर्षीच तिथे पोचावा, यासाठी बढत्या लवकर देण्याचे निर्णय २००४ च्या अखेरीस लागू झाले. १३ वर्षांत लेफ्टनंट कर्नल ही सोय तेव्हाचीच.

आता सरसकट निवृत्तीवय वाढवलं तर काय होईल? वरचा माणूस तीन वर्षं उशिरा जाईल, म्हणून खालचा तीन वर्षं उशिरा वर जाईल, आणि ती ढकलाढकल शेवटी सीओपर्यंत पोचेल. कारगिलनंतर जे कमावलं ते हळूहळू हातचं जाईल. निवृत्तीवय वाढवायला काही माजी अधिकारी विरोध करतात, त्यामागचं हे कारण खरं आहे आणि ते मान्य करूनच पुढे जायला हवं.

## मग अडचण कुठे आहे?

अडचण अशी की सैन्यातलं प्रत्येक काम शिखर चढण्याचं नसतं.

एक शाळा डोळ्यासमोर आणा. तिथे गणिताच्या एक बाई आहेत, ज्यांच्या हाताखालून गेलेली मुलं गणिताला घाबरत नाहीत. शाळेचा नियम असा की ठरावीक वयापर्यंत बाई मुख्याध्यापिका झाल्या तर राहतील, नाही तर घरी जातील. बाई मुख्याध्यापिका झाल्या, तर त्यांचा दिवस वेतनाच्या फायली, पालकसभा आणि शाळा तपासणीत जाईल. नाही झाल्या, तर त्या शाळेतच नसतील. दोन्हीकडून वर्गातलं गणित गेलं. शाळेला हवं होतं ते त्यांचं शिकवणं, आणि ते राखण्याची सोय नियमात नव्हतीच.

लष्करात ज्यांना कळीची कौशल्यं म्हणता येतील, म्हणजे जी शिकायला फार वर्षं लागतात, थोड्याच लोकांकडे असतात आणि जी नसतील तर काम अडतं, त्यांचं असंच होतं. अतिविशेषज्ञ डॉक्टर, चाचणी वैमानिक, पाणबुडीतले अभियंते, सायबर आणि इलेक्ट्रॉनिक युद्धातले जाणकार, चिनी भाषा येणारे. बढती मिळाली की माणूस टेबलामागे जातो, नाही मिळाली की घरी जातो.

## एका सर्जनची वर्षं मोजून पाहू

पुण्यात वानवडीला सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे एएफएमसी आहे. १९४८ पासून इथे फौजेचे डॉक्टर घडतात. बारावी झालेली मुलगी इथे आली की साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप. कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, मिळते तेव्हा वय तेवीस-चोवीस. मग काही वर्षं पलटणीबरोबर किंवा सीमेवरच्या छोट्या रुग्णालयात. नंतर शस्त्रक्रियेची पदव्युत्तर पदवी, तीन वर्षं. पुन्हा काही वर्षं काम. मग हृदय किंवा मेंदूच्या शस्त्रक्रियेसारख्या अतिविशेष विषयात जायचं तर आणखी तीन वर्षं. स्वतःच्या जबाबदारीवर अवघड शस्त्रक्रिया करू लागेपर्यंत ती चाळिशीला टेकलेली असते.

पुढची दहा-पंधरा वर्षं तिच्या हातांची खरी वर्षं. आणि नेमक्या त्याच वर्षांत तिचा हुद्दा वाढतो, तिच्याकडे रुग्णालयाचा कारभार येतो, खरेदी येते, चौकशा येतात. वैद्यकीय सेवेत 'वरिष्ठ सल्लागार' अशी तज्ज्ञांसाठीची पदं आहेत, ही चांगली गोष्ट. पण त्यापुढची बढती बहुतेक वेळा ऑपरेशन थिएटरपासून दूरच नेते.

कोणी म्हणेल, सर्जन काय, शहरात पुष्कळ मिळतात. सुरुंगाने झालेली जखम आणि रस्त्यावरच्या अपघाताची जखम यांत फरक असतो. स्फोटात माती, लोखंडाचे तुकडे, बुटाच्या आणि कपड्याच्या चिंध्या मांसात खोल घुसतात. शहरी सर्जनचा हात साहजिकच जखम स्वच्छ करून शिवायला जातो. युद्धातल्या शस्त्रक्रियेचा जुना नियम उलटा आहे: मेलेलं मांस कापून काढायचं आणि जखम उघडी ठेवायची, काही दिवसांनी पुन्हा पाहायची आणि मगच शिवायची. घाईने शिवली तर आत सडते आणि पाय जातो, कधी जीवही जातो. आता मेलेलं मांस कोणतं आणि जिवंत कोणतं, हे ठरवायचं कसं? रंग बघायचा, चिमट्याने दाबून ते टणक आहे की पिठासारखं मऊ पडलंय ते बघायचं, चिमटा लागल्यावर स्नायू आक्रसतो का ते बघायचं, कापल्यावर रक्त येतं का ते बघायचं. पुस्तकात हे चार ओळींत मावतं. प्रत्यक्षात कमी कापलं तर सडतं, जास्त कापलं तर जवान आयुष्यभरासाठी अधू होतो. मधली रेषा शेकडो जखमा पाहिलेल्या डोळ्यांनाच दिसते. असे डोळे असलेली व्यक्ती केवळ वाढदिवस आला म्हणून निघून जाते, आणि तिच्या मागे शिकणाऱ्या तरुण डॉक्टरांना शेजारी उभं राहून दाखवणारं कोणी उरत नाही. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे.

## निवृत्त होऊनही विमान उडवणारे

ज्यांना वाटतं की वय झाल्यावर माणूस कामाचा राहत नाही, त्यांच्यासाठी एक उदाहरण. २८ मार्च २०२४ ला बेंगळुरूमध्ये तेजस मार्क-१ए या लढाऊ विमानाच्या उत्पादन मालिकेतल्या पहिल्या विमानाने १८ मिनिटांचं पहिलं उड्डाण केलं. वैमानिक होते ग्रुप कॅप्टन (लष्करातल्या कर्नलच्या बरोबरीचा हुद्दा) के. के. वेणुगोपाल, निवृत्त. ते त्या वेळी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे, म्हणजे एचएएलचे, मुख्य चाचणी वैमानिक होते. नाशिकजवळ ओझरलाही आता तेजस तयार होतं, आणि तिथल्या पहिल्या मार्क-१ए ने ऑक्टोबर २०२५ मध्ये आकाश गाठलं.

कारखान्यातून नुकतंच बाहेर पडलेलं विमान पहिल्यांदा उडवणं हे सर्वांत जोखमीच्या उड्डाणांपैकी एक, आणि ते हवाई दलातून बाहेर पडलेला माणूस करतो. कौशल्य देशातच राहिलं, उत्तम झालं. पण हे एचएएलसारखी संस्था असल्यामुळे शक्य होतं. इलेक्ट्रॉनिक युद्धातल्या अधिकाऱ्याला, पाणबुडीच्या अभियंत्याला असं तयार घर बहुतेक वेळा मिळत नाही. तो खासगी कंपनीत जातो, किंवा गावी जाऊन शेती पाहतो.

## आज काय सोय आहे?

अगदीच काही नाही असं नाही. लष्करात पुनर्नियुक्तीची पद्धत आहे. ५४ ला निवृत्त झालेला अधिकारी अर्ज करतो, निवड झाली तर ५८ पर्यंत काम करू शकतो. पेन्शन सुरू राहते आणि नव्या पगारातून पेन्शनइतकी रक्कम वजा होते. त्याला सहसा कमान मिळत नाही. मुख्यालयं, स्टेशन हेडक्वार्टर अशा ठिकाणच्या नेमणुका मिळतात. तरुण अधिकाऱ्यांची कमतरता असताना ही पद्धत टेबलं भरून काढते. २०२३ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार एकट्या लष्करात आठ हजारांहून अधिक अधिकारी कमी होते, तेव्हा हा आधार मोठाच. पण या पद्धतीचा पहिला प्रश्न 'कोणती जागा रिकामी आहे?' असा असतो. 'कोणतं कौशल्य जातंय?' हा प्रश्न तिथे मुळात विचारलाच जात नाही.

दुसरी वाट टेरिटोरियल आर्मीची, म्हणजे आपला नोकरी-धंदा सांभाळून अर्धवेळ सेवा करणाऱ्यांच्या दलाची. अलीकडे चिनी भाषा जाणणाऱ्यांना आणि सायबर तज्ज्ञांना तिथून घेतलं जाऊ लागलं आहे. तिसरी वाट आपल्याला बातम्यांत दिसते ती, मुदतवाढीची. जनरल पांडे यांची मुदतवाढ लष्कर नियम १९५४ मधल्या १६-ए या नियमाखाली झाली. निवृत्तीची वयं याच नियमात आहेत, आणि सेवेच्या गरजेसाठी ती पुढे ढकलण्याचा अधिकारही. म्हणजे कायद्यात दार आहे. ते आजवर मुख्यतः सर्वोच्च खुर्चीसाठी उघडलेलं आपण पाहिलं आहे.

## २०२० चा प्रस्ताव आणि त्यावर उठलेलं वादळ

ऑक्टोबर २०२० मध्ये जनरल बिपिन रावत सीडीएस असताना संरक्षण मंत्रालयातल्या सैन्य व्यवहार विभागाने एक प्रस्ताव पुढे केला. कर्नल आणि समकक्ष ५७ पर्यंत, ब्रिगेडियर ५८, मेजर जनरल ५९. तंत्र, पुरवठा आणि वैद्यकीय शाखांतले जवानही ५७ पर्यंत. त्यात एक निदान अचूक होतं: सैन्याच्या खर्चाने शिकलेले तज्ज्ञ आणि अतितज्ज्ञ लवकर बाहेर पडतात आणि त्यांची जागा भरून निघत नाही.

पण औषधात दुसरीही गोळी होती. मुदतीआधी निवृत्ती घेणाऱ्यांच्या पेन्शनला कात्री. २० ते २५ वर्षं नोकरी केलेल्याला त्याच्या हक्काच्या पेन्शनपैकी ५० टक्के, २६ ते ३० ला ६० टक्के, त्यापुढे ७५ आणि ३५ वर्षांनंतरच पूर्ण. माजी सैनिकांत मोठी नाराजी उसळली. प्रस्ताव होता त्या रूपात लागू झाला नाही.

माझं मत स्पष्ट सांगतो. वीस वर्षं सीमेवर काढलेल्या माणसाला पेन्शनची भीती दाखवून थांबवणं अन्यायाचं होतं, आणि उपयोगाचंही नव्हतं. बोर्डात मागे पडलेला, घर विस्कटलेला अधिकारी मन मारून थांबला तर त्याच्याकडून काय काम होणार? शिवाय त्या प्रस्तावात कर्नल म्हणजे सगळेच कर्नल. पायदळाचा कर्नल आणि मेंदूचा सर्जन एकाच फटक्यात ५७ ला. निदान कौशल्याचं केलं आणि औषध हुद्द्याला दिलं.

## अमेरिकेने दार कसं उघडलं

तिथला नियम आपल्याहून कडक. १९८० च्या कायद्यानुसार अधिकारी वर चढतो किंवा बाहेर पडतो; लेफ्टनंट कर्नलला साधारण २८ वर्षं, कर्नलला ३०. पण २०१६ च्या अखेरीस तिथल्या संसदेने एक वेगळी तरतूद केली: दलाने ठरवून दिलेल्या विशिष्ट कामांतल्या अधिकाऱ्यांना ४० वर्षं सेवा होईपर्यंत ठेवता येईल. डॉक्टर आणि इतर वैद्यकीय अधिकाऱ्यांना वयाच्या ६८ पर्यंत थांबवण्याची सोय आधीपासून आहे. दोन्हीकडे मोजमाप कामाचं आहे. हुद्दा वाढला नाही तरी माणूस राहू शकतो.

या तरतुदीच्या कितीतरी आधी अमेरिकी नौदलाने हे माणसागणिक करून पाहिलं होतं. संगणकशास्त्रज्ञ ग्रेस हॉपर १९६६ च्या अखेरीस कमांडर म्हणून निवृत्त झाल्या. नौदलातल्या प्रत्येक ठिकाणी कोबोल ही संगणकभाषा आपापल्या पद्धतीने वापरली जात होती, त्यात एकसूत्रीपणा आणायला दुसरं कोणी सापडेना. १९६७ मध्ये त्यांना सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. त्या शेवटी निवृत्त झाल्या १९८६ मध्ये, ७९ व्या वर्षी, रिअर ॲडमिरल म्हणून.

दुसरं नाव ॲडमिरल हायमन रिकोव्हर. अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्या त्यांनी उभ्या केल्या. बढतीच्या बोर्डाने त्यांना दोनदा नाकारलं होतं. संसदेने हस्तक्षेप केला नसता तर १९५३ मध्येच ते घरी गेले असते. ते राहिले, आणि अणुभट्ट्यांच्या सुरक्षेची जी शिस्त त्यांनी लावली तिचा दाखला आजही देतात. पण ते १९८२ पर्यंत राहिले, वयाच्या ८२ पर्यंत. तोवर त्यांना प्रश्न विचारणं नौदलाच्या मंत्र्यांनाही जड झालं होतं. त्यांना निरोप देताना सरकारने नियम केला की त्यांच्या पदावर येणाऱ्याची मुदत आठ वर्षं असेल. हॉपर आणि रिकोव्हर दोघांना थांबवणं योग्यच होतं. रिकोव्हर यांच्या बाबतीत मुदतीची चौकट तीस वर्षं उशिरा आली.

## 'पण मग तरुणांची संधी जाईल'

थांबवलेला माणूस मंजूर पदावर बसवला तर नक्की जाईल. म्हणून त्याला बढतीच्या रांगेतून बाहेर काढावं लागतं. त्याचं पद वेगळं, त्याच्यापुरतं निर्माण केलेलं आणि त्याच्याबरोबर संपणारं. त्याला कमान नाही, पुढची बढती नाही. तो फक्त आपलं काम करेल आणि दोन-तीन जणांना तयार करेल. मग ५४ ला जी खुर्ची रिकामी व्हायची ती ठरल्या दिवशी रिकामी होतेच, आणि मागचा अधिकारी वेळेवर वर जातो. सरसकट वयवाढीत हे जमत नाही, कारण तिथे माणूस आणि खुर्ची दोन्ही एकत्र थांबतात.

## 'वशिल्याच्या माणसांनाच मुदतवाढ मिळेल'

ही शंका मला सगळ्यात गंभीर वाटते, कारण तिला इतिहास आहे. १९७४ मध्ये लष्करप्रमुख जनरल बेवूर यांना एक वर्ष वाढवून मिळालं. त्यांच्या मागे उभे असलेले लेफ्टनंट जनरल प्रेम भगत, दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले, त्याच काळात वय झालं म्हणून निवृत्त झाले. लष्करप्रमुखपद त्यांच्याकडे आलं नाही. पन्नास वर्षं उलटली तरी फौजी घरांत त्या निर्णयाची चर्चा होते.

उपाय एकच: आधी काम जाहीर करायचं, माणूस नंतर निवडायचा. दर दोन वर्षांनी तिन्ही दलांनी सांगावं की या या कौशल्यांत आमच्याकडे माणसं कमी आहेत. त्या यादीतल्या कामांत निवृत्तीला आलेले सगळे अर्ज करतील, आणि त्यांच्या विषयातले लोक त्यांना पारखतील. बढतीच्या बोर्डाने हे करू नये. मुदत दोन वर्षांची, पुन्हा हवी तर पुन्हा परीक्षा. न्यायालयात टिकण्यासाठीही हे लागेल. हवाई दलात निवडीने झालेला ग्रुप कॅप्टन आणि वेळेनुसार झालेला ग्रुप कॅप्टन यांची निवृत्तीवयं वेगवेगळी होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हा भेद अमान्य केला. एकाच हुद्द्याच्या दोघांना वेगळं वागवायचं असेल तर कारण कामातलं असावं लागतं, आणि ते लिहून ठेवलेलं असावं लागतं.

## 'सगळ्यांना वाढवलं तर पेन्शनचा खर्च तरी कमी होईल'

२०२५-२६ च्या ६ लाख ८१ हजार कोटींच्या संरक्षण अर्थसंकल्पात जवळपास १ लाख ६१ हजार कोटी पेन्शनचे आहेत, तेव्हा हा विचार मनात येणं समजू शकतं. पण कर्नलला तीन वर्षं जास्त ठेवलं तर त्या तीन वर्षांत पेन्शनऐवजी पूर्ण पगार द्यावा लागतो, जो पेन्शनच्या दुप्पट असतो. आणि मोजक्या तज्ज्ञांना थांबवल्याने त्या मोठ्या आकड्यावर ओरखडाही उठणार नाही, वाढीचा नाही की बचतीचा नाही. पैशाचा मुद्दा या चर्चेत आणूच नये.

## 'त्याच लोकांना कंत्राटावर का घेत नाही?'

काही कामांना ते चालेल. सायबर प्रयोगशाळेत, भाषांतराच्या कक्षात, प्रशिक्षण संस्थांत, म्हणजे पुण्याच्या गिरिनगरला किंवा दापोडीला आहेत तशा ठिकाणी शिकवायला, गणवेश लागलाच पाहिजे असं नाही. पण कंत्राटी सर्जनला उद्या लेहला हलवता येत नाही. पाणबुडीवर पाठवता येत नाही. त्याला सैन्याचा कायदा सरसकट लागू नाही, आणि लढाईच्या ठिकाणी जायला नकार देऊन नोकरी सोडणं त्याच्या हातात असतं. जिथे काम गोळीबाराच्या टप्प्यात किंवा गुपितांच्या आत आहे तिथे गणवेशातलाच माणूस हवा.

## 'तज्ज्ञ म्हातारा झाला की त्याचं ज्ञानही शिळं होतं'

होतं, आणि सगळ्यांचं सारख्या वेगाने होत नाही. जखम ओळखणारा डोळा वर्षागणिक तयार होतो. संगणकात शिरणारे हल्ले ओळखण्याची विद्या पाच वर्षांत बदलते, आणि ५४ वर्षांच्या सायबर अधिकाऱ्यापेक्षा २६ वर्षांची कॅप्टन पुढे असू शकते. म्हणून कौशल्यांची यादी कायमची नसावी आणि पुन्हा परीक्षा नुसती कागदोपत्री नसावी. वैमानिकांना दरवर्षी वैद्यकीय तपासणी चुकत नाही, तसंच हे.

## 'बाहेर एवढा पैसा असताना थांबणार कोण?'

अमेरिकी हवाई दल वैमानिकांना थांबवण्यासाठी वर्षाला ५०,००० डॉलरपर्यंत बोनस देऊ करतं, तरी तिथेही वैमानिक विमान कंपन्यांकडे जातात. आपल्याला पैशाच्या शर्यतीत उतरून जिंकता येणार नाही. पण पन्नाशीतल्या अधिकाऱ्याशी बोललात तर पगाराआधी तो दुसऱ्या गोष्टी सांगतो. वीस-पंचवीस वर्षांत दहा-बारा बदल्या झालेल्या असतात. मुलं तीन-चार शाळांत शिकलेली असतात. बायकोने, किंवा अधिकारी बाई असेल तर नवऱ्याने, स्वतःची नोकरी कधीच सोडून दिलेली असते. आईवडील गावी एकटे असतात.

त्याला सांगितलं, की तुमची नेमणूक दोन वर्षं पुण्यातच कमांड हॉस्पिटलला, बदली नाही, कारभाराच्या फायली नाहीत, आठवड्यातले पाच दिवस थिएटर आणि सहाव्या दिवशी शिकवणं, हुद्दा आणि मान आहे तसाच. पेन्शन आजच ठरवून ठेवतो, पुढे ती वाढेल, कमी होणार नाही. आणि कधी नको वाटलं तर तीन महिन्यांची सूचना देऊन मोकळे व्हा. यातल्या बहुतेक गोष्टींना नवा पैसा लागत नाही, नियम आणि बदल्यांचे आदेश लागतात. असा कागद समोर आला तर खासगी रुग्णालयातली मोठी रक्कम सोडणारे निघतील. सगळे निघणार नाहीत, पण एका विषयात सगळ्या फौजेत मोजकेच जण असतात, त्यातले तिघे-चौघे राहिले तरी पुढच्या तुकडीला शिकवायला ते पुरेसे आहेत.